पापणीएवढा अंधार

पंचवीस वर्षं मी काच घासली.
ड्रेस्डेनला, श्ट्रीझनच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या खिडकीशी.
पंचकोनी प्रिझम, पेढ्याएवढं,
एका अंगाला ओरखडा राहिला की अख्खं भंगारात.
तेव्हा व्हीब्के, मला व्याख्या शिकवू नकोस.

बस. कॉफी घे.
तुझा कॅमेरा ठेव इथे, माझ्या कॅमेऱ्यासमोर.
बघू देत दोघं एकमेकांकडे.

माझ्यात उजेड भिंगातून येतो,
तिरक्या आरशावर आपटून वर वळतो,
दुधी काचेवर उभा राहतो, डाव्याचं उजवं करून,
आणि मी घासलेलं प्रिझम
त्याचा कान धरून त्याला डावं-उजवं समजावतं.
संपलं. वीज लागत नाही.
डोळ्यात शिरतो तो तोच उजेड,
अंगणातल्या नाशपातीवरून आत्ता निघालेला.

तुझ्यात आरसाच नाही.
उजेड थेट सेन्सरवर, तिथे त्याची मोजदाद,
मग आकडे, मग ठिपके,
मग नखाएवढ्या पडद्यावर एक चित्र.
पोरी, तू झाड बघत नाहीस,
झाडाची बातमी बघतेस.
बातमी खरी आहे, मान्य. पण जरा शिळी.
“सेकंदाचा दोनशेवा भाग, रोझविथा!”
शिळं ते शिळंच.

तू हसलीस. एकाच गालाने, हार्टमुटसारखी.
त्याला तू पाहिलेलंही नाहीस.

मग हट्टाने तळघरात नेलंस.
माझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये तिथे नुसता कोळसा.
तुझ्यात मात्र फळी दिसली, फळीवर बरण्या,
थिजलेल्या मधासारखं सगळं रवाळ, पण दिसलं:
आलुबुखाराच्या मुरंब्यावर आईचं अक्षर.
मी काही बोलले नाही.
हरल्याचं कबूल करायला
जिने चढून वर यावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात.

वर आल्यावर सांगितलं.
माझ्या आरशाचाही एक दोष आहे.
बटण दाबलं की तो उचलला जातो, आणि डोळ्यापुढे काळोख.
जो क्षण फिल्मवर उतरतो
नेमका तोच घेणाऱ्याला दिसत नाही.
पुढच्या कॅमेऱ्यांत आरसा लगेच परत यायचा,
पापणी लवल्यासारखा.
माझा जुना.
फिल्म पुढे सरकवेपर्यंत त्याची पापणी मिटलेलीच.

एकाहत्तरचा ऑगस्ट.
हार्टमुट दारात, पाठीवर पिशवी,
“बालाटनला जातो, दोन आठवडे.”
मी म्हटलं, थांब, एक फोटो.
खटका वाजला. काळोख.
कळ ओढली, सरकेना. छत्तिसावा फोटो होता,
फिल्म संपली होती.
मी तशीच उभी, डोळा काळोखाला चिकटवून,
कळ ओढत,
आणि जिन्यावर त्याची पावलं. चौथा मजला. तिसरा.
कॅमेरा खाली घ्यायचं सुचलंच नाही ग.
घेतला तेव्हा दारात नुसतं दार होतं.

मग हॅम्बुर्गहून पत्रं. अठ्ठ्याऐंशीत तार.
भिंत पडायला अजून वर्ष होतं.

फोटोत तो हात अर्धा उचलून आहे,
ओठ उघडे. काहीतरी म्हणतोय.
फिल्मने पाहिलं. मी नाही.

तू बराच वेळ बशीतले चुरे गोळा करत होतीस.
मग तुझा कॅमेरा माझ्या हातात दिलास,
उठलीस, कप घेऊन दाराशी गेलीस.
मी डोळा लावला. पडद्यावर तू,
वळून काहीतरी सांगणारी.
मी बटण दाबलं
आणि सवयीने श्वास रोखला.

काळोख आलाच नाही.
तू बोलतच होतीस, कपातून वाफ वर जातच होती,
तुझी बट कानामागे सरकली, तीही मी पाहिली.

“निघाला का?” मी विचारलं.

“कधीच निघाला,” तू म्हणालीस,
“तू बघतच होतीस की.”